हक्कभंगाची नोटीस आलीये? आधी शांतपणे हे वाचा

सभागृहाचे विशेषाधिकार मोडल्याचा आरोप करणारं हे पाकीट हातात पडलं की बहुतेकजण दोनपैकी एक चूक करतात. एक तर घाबरून ते कपाटात ठेवून देतात, कोणाला सांगत नाहीत आणि मुदत निघून जाते, नाहीतर लगेच फोटो काढून ग्रुपवर नि फेसबुकवर टाकतात, खाली चार ओळी रागाच्या, आणि मग त्या चार ओळींवरनं नवीन प्रकरण उभं राहतं. माझा एक मित्र तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवतो, बातम्या स्वतःच लिहितो, जाहिराती स्वतःच गोळा करतो. त्याला काही वर्षांपूर्वी विधिमंडळ सचिवालयाकडनं असं पत्र आलं तेव्हा त्यानं मला रात्री फोन करून पहिला प्रश्न हाच विचारला की अरे मला आता अटक होणार का. नाही होणार, निदान या पत्रावरनं तरी नाही. त्या पत्रात तुमचं म्हणणं मागितलेलं असतं एवढंच. इथनं शिक्षेपर्यंत जायला मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि जवळपास प्रत्येक पायरीवर तुम्हाला बोलायला जागा आहे. ती जागा कशी वापरायची हे सांगण्यासाठी लिहितोय. पत्रकार, कार्यकर्ते, सरकारी अधिकारी, सोशल मीडियावर लिहिणारे साधे लोक, सगळ्यांच्या कामाचं आहे, कारण सभागृहाचा हात सदस्य नसलेल्या माणसापर्यंतही पोचतो.

आधी सभागृहाला शिक्षा करायचा हा अधिकार येतो कुठनं ते बघा, कारण उत्तर लिहिताना तेच लागणार आहे. राज्यघटनेचं कलम १०५ संसदेसाठी आणि कलम १९४ राज्यांच्या विधिमंडळांसाठी. दोन्हींची रचना सारखी. आधी सभागृहात बोलायचं स्वातंत्र्य दिलंय, म्हणजे सदस्य सभागृहात जे बोलला किंवा जे मत दिलं त्यावरनं त्याच्यावर कोर्टात केस चालत नाही. मग तिसऱ्या उपकलमात म्हटलंय की बाकीचे विशेषाधिकार कायदा करून ठरवावेत, आणि तो कायदा होईपर्यंत घटना लागू झाली तेव्हा ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सला जे होते तेच इथं चालतील. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं कॉमन्सचं नाव काढलं पण आशय होता तसाच ठेवला. आणि विशेषाधिकारांची सगळी यादी देणारा कायदा ना संसदेनं केला ना आपल्या विधिमंडळानं. मला यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच वाटते, की ज्यासाठी माणसाला तुरुंगात टाकता येतं तो गुन्हा नक्की कशाकशानं होतो हे कुठल्या एका कायद्यात लिहिलेलंच नाही. पण तुमच्यासाठी याचा एक उपयोगही आहे. नोटिशीत मोघम 'विशेषाधिकार भंग' एवढंच लिहिलं असेल तर नक्की कुठला विशेषाधिकार, माझ्या कुठल्या वाक्यानं आणि कसा भंगला, हे लेखी विचारता येतं आणि विचारावंच.

वर्तमानपत्रं सगळ्यालाच हक्कभंग म्हणतात पण आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्कभंग म्हणजे आधीपासनं ठरलेला एखादा विशेषाधिकार मोडणं, जसं की आमदाराला अटक करून अध्यक्षांना न कळवणं, किंवा अध्यक्षांनी कामकाजातनं काढून टाकलेलं वाक्य छापणं. अवमान त्याहून खूप पसरट आहे, सभागृहाच्या किंवा समितीच्या किंवा सदस्याच्या सभागृहातल्या कामात अडथळा आणणारी कुठलीही कृती त्यात बसू शकते, तिच्यासाठी पूर्वीचा दाखला असायलाच हवा असं नाही. साक्षीदाराला धमकावणं, समितीपुढे खोटं बोलणं, कागद मागूनही न देणं हे सगळं यात येतं. तुमच्या पत्रात बहुतेक दोन्ही शब्द जोडीनं लिहिलेले असतील. उत्तर देताना मात्र दोन्ही सोडवून घ्या.

आणि दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे, तो पहिल्या दिवसापासनं शेवटपर्यंत डोक्यात ठेवा. माझ्या कृतीनं सभागृहाचं काम अडलं का? हा माझा शोध नाही. पंजाब विधानसभेनं २००८ मध्ये अमरिंदर सिंग यांना उरलेल्या मुदतीसाठी सभागृहातनं काढून टाकलं होतं, कारण काय तर आधीच्या विधानसभेच्या काळात ते मुख्यमंत्री असतानाचा एक जमिनीचा निर्णय. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०१० मध्ये ती कारवाई रद्द केली आणि सांगितलं की विशेषाधिकार हे सभागृहाचं काम सुरळीत चालावं म्हणून आहेत, कामाला अडथळा नसेल तर ते वापरायचे नाहीत, बाकीच्या गैरव्यवहारांसाठी साधा कायदा आहेच. त्यामुळे आमदाराच्या संस्थेवर, त्याच्या ठेकेदारीवर, मतदारसंघातल्या त्याच्या वागण्यावर तुम्ही टीका केली असेल तर त्याला बदनामीचा दावा लावता येईल, पण तो सहसा हक्कभंग होत नाही, कारण ते आमदार म्हणून सभागृहात केलेलं काम नाही. सरकारवर टीका तर अजिबातच नाही. सरकार वेगळं, सभागृह वेगळं. ही गोष्ट लिहिणारेही विसरतात आणि नोटीस देणारेही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिल्या दिवशी पाकिटावरचा शिक्का आणि तुम्हाला मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, मुदत किती दिवसांची आणि कधीपासनं मोजायची ते पत्रात शोधा. मग पत्र कोणाचं आहे बघा, विधानसभेचं की परिषदेचं. विधानसभेत अध्यक्ष असतात, परिषदेत सभापती, आणि दोन्ही सभागृहांच्या समित्या वेगळ्या आहेत, उत्तर चुकीच्या नावानं गेलं तर ते तुम्हालाच भोवतं. त्यानंतर हे बघा की गाडी कुठल्या स्टेशनावर आहे. साधारण क्रम असा असतो की एखादा सदस्य सूचना देतो, अध्यक्ष किंवा सभापती ती तपासतात, वाटलं तर तुमचा खुलासा मागवतात, मग ती एक तर तिथंच निकाली निघते नाहीतर सभागृहात मांडायला परवानगी मिळते किंवा विशेषाधिकार समितीकडे जाते. समिती चौकशी करून अहवाल देते. शिक्षा करायची की नाही हे समिती ठरवत नाही, ती फक्त शिफारस करते, ठराव सभागृहच करतं. लोकसभेच्या नियमांत तर स्पष्टच लिहिलंय की विषय नुकत्याच घडलेल्या एका ठराविक घटनेचा हवा आणि त्यात सभागृहानं लक्ष घालायची गरज असली पाहिजे. म्हणून चार वर्षांपूर्वीच्या पोस्टवरनं नोटीस आली असेल तर तो मुद्दा उत्तरात घ्याच.

नोटिशीसोबत सदस्याच्या मूळ सूचनेची प्रत नसेल तर ती मागा. ज्या लेखाबद्दल किंवा व्हिडिओबद्दल तक्रार आहे त्याचं कात्रण, लिंक, जे असेल ते मागा. आणि वेळ अपुरा असेल तर मुदत वाढवून मागा, पण मुदत संपायच्या आत मागा, पोच घेऊन. शेवटच्या दिवशी फोन करून "साहेब जरा थांबा" म्हणणं म्हणजे काहीच न करणं.

तुमची मूळ पोस्ट घाईघाईनं डिलीट करू नका. आधी ती पूर्ण जपून ठेवा, तारीख वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, खालच्या कमेंट्ससकट. नंतर खरंच चुकलंय असं ठरलं तर काढा आणि उत्तरात तसं सांगा. गुपचूप काढलेली पोस्ट म्हणजे चूक कबूल केल्यासारखीच दिसते, आणि समोरच्याकडे तिची अर्धवट प्रत असते नि तुमच्याकडे काहीच उरत नाही.

उत्तर लिहिण्याकडे मी जास्त वेळ देणार आहे, कारण बरीच प्रकरणं इथंच संपू शकतात. मित्राचं सांगतो. त्यानं बातमी दिली होती की एका रस्त्याबद्दल सभागृहात दिलेलं लेखी उत्तर आणि जागेवरचा रस्ता यांचा मेळ बसत नाही. त्याच अंकात त्यानं अग्रलेखही लिहिला होता आणि तिथं एका ठिकाणी पेन घसरलं, 'ही दलालांची सभा झाली आहे' असं वाक्य गेलं. नोटिशीत दोन्ही एकत्र बांधले होते. त्यानं पहिला मसुदा रात्री दोन वाजता लिहून मला पाठवला, पाच पानं, त्यात आणीबाणी, टिळकांचा खटला, त्या आमदाराच्या मेव्हण्याची कामं, सगळं. शेवटी एक ओळ, 'तरीही कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो.' हा मसुदा गेला असता तर दोन्हीकडनं नुकसान होतं, जी बातमी खरी होती तिच्याबद्दल तो ओशाळल्यासारखा दिसला असता आणि जे वाक्य चुकलं होतं त्याबद्दल अडून बसल्यासारखा.

आम्ही दुसऱ्या दिवशी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे बातमी, उजवीकडे अग्रलेखातलं ते एक वाक्य. बातमीबद्दल उत्तर असं झालं, 'सदर बातमी ही सभागृहात दिलेल्या लेखी उत्तराची व माहिती अधिकारात मिळालेल्या मोजमाप पुस्तिकेची तुलना असून दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. त्यात सभागृहाच्या किंवा सन्माननीय सदस्यांच्या सभागृहातील कामात अडथळा आणणारे काहीही नाही.' एवढंच, विशेषणं नाहीत. आणि वाक्याबद्दल, 'अग्रलेखातील हा शब्दप्रयोग संपूर्ण सभागृहाला उद्देशून झाला, तो करायला नको होता, त्याबद्दल मी बिनशर्त माफी मागतो व पुढील अंकात तसे प्रसिद्ध करीत आहे.' दीड पान भरलं. आमदाराच्या मेव्हण्याचा उल्लेख कुठंही नाही. त्यानंतर त्याला पुढचं पत्र आलं नाही. बातमी मात्र आजही त्याच्या अंकात तशीच आहे, त्यानं ती मागे घेतली नाही, आणि मला याचंच जास्त बरं वाटतं.

माफीबद्दल लोक फार गोंधळतात. माफी मागायची तर पूर्ण मागा, 'जर', 'असतील तर', 'विपर्यास झाला' हे शब्द काढून. अशी पूर्ण माफी आली की सभागृहानं विषय तिथंच सोडून दिल्याची उदाहरणं संसदेच्या इतिहासात भरपूर आहेत. पण चुकलं नसेल तर केवळ सुटका व्हावी म्हणून माफी मागू नका. तामिळनाडू विधानसभेनं १९८७ मध्ये आनंद विकटन या साप्ताहिकाचे संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना मुखपृष्ठावरच्या एका व्यंगचित्रासाठी तीन महिन्यांची सक्तमजुरी सुनावली होती. त्यांनी माफी मागितली नाही. देशभर आवाज उठला, काही दिवसांतच त्यांना सोडावं लागलं, आणि पुढे १९९४ मध्ये मद्रास हायकोर्टानं ती कारवाई चुकीची ठरवून त्यांना १००० रुपयांची प्रतीकात्मक भरपाई दिली. प्रत्येकाला एवढं धाडस झेपेलच असं नाही, पण खरं बोलणाऱ्या माणसाकडे हा रस्ता असतो हे माहीत असावं.

समितीपुढे बोलावणं आलं तर जा. हे अगदी स्पष्ट सांगतो कारण "मी सदस्यच नाही तर मला कसं बोलावतात" असं म्हणून लोक घरी बसतात, आणि बोलावूनही न जाणं हा आपोआप वेगळा अवमान होतो. महाराष्ट्रातच मार्च २००८ मध्ये तेव्हाचे राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विधानसभेच्या अवमानाच्या प्रकरणात दोन दिवसांची कैद झाली होती, इतक्या मोठ्या घटनात्मक पदावरचा माणूस, तरी सुटला नाही. फेसबुकच्या एका अधिकाऱ्याला दिल्ली विधानसभेच्या समितीनं बोलावलं होतं, ते सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टानं जुलै २०२१ मध्ये सांगितलं की सदस्य नसलेल्या माणसालाही समिती बोलावू शकते आणि नुसत्या बोलावण्याला इतक्या लवकर आव्हान देता येत नाही, पण त्याचबरोबर हेही सांगितलं की कायदा-सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय दिल्ली विधानसभेच्या हातात नाहीत, तेव्हा त्या विषयांवरच्या प्रश्नांना उत्तर न द्यायचा हक्क त्या अधिकाऱ्याला आहे. म्हणजे काय, तर जायचं, आणि जो विषय त्यांच्या कक्षेत नाही त्यावर नम्रपणे 'या प्रश्नाचं उत्तर मी देऊ इच्छित नाही, कारण असं असं' हे सांगायचं आणि ते नोंदवून घ्या म्हणायचं.

वकील सोबत नेता येतो का, तर हक्क म्हणून नाही, परवानगी मागावी लागते. आधीच अर्ज करा. आत शपथ दिली जाऊ शकते, तुमचा शब्द न् शब्द नोंदवला जातो. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाजानं तारीख ठोकू नका, कारण समितीला खोटी माहिती देणं हा मूळ आरोपापेक्षा जड पडू शकतो. आणि आत काय झालं हे बाहेर येऊन माईकसमोर सांगू नका, समितीचा अहवाल सभागृहाच्या पटलावर येईपर्यंत तिचं कामकाज गोपनीय असतं.

आता शिक्षेचं. सौम्य म्हणजे समज देणं किंवा ताकीद, कधीकधी सभागृहाच्या कठड्यापाशी, ज्याला बार म्हणतात, तिथं उभं करून. मुंबईच्या ब्लिट्झचे संपादक करंजिया यांना १९६१ मध्ये लोकसभेत असंच उभं करून ताकीद दिली होती, आचार्य कृपलानींवरच्या एका लेखासाठी. मोठी शिक्षा म्हणजे कैद. पण कैदेला एक मर्यादा आहे, सत्र संस्थगित झालं, म्हणजे अधिवेशन औपचारिकपणे संपलं, की ती आपोआप संपते. इंदिरा गांधींना १९ डिसेंबर १९७८ ला लोकसभेनं सदस्यत्वावरनं काढून सत्र संपेपर्यंत तुरुंगात पाठवलं तेव्हा आठवड्याभरात, २६ डिसेंबरला त्या बाहेर आल्या, आणि मे १९८१ मध्ये नव्या लोकसभेनं तो ठरावच मागे घेतला. उत्तर प्रदेश विधानसभेनं ३ मार्च २०२३ ला सहा पोलिसांना एका आमदारावर २००४ मध्ये झालेल्या लाठीमारासाठी मध्यरात्रीपर्यंत विधानभवनाच्या आवारातच कोठडीत ठेवलं. दंडाचं म्हणाल तर कॉमन्सनंच शेवटचा दंड १६६६ मध्ये केला होता, आणि आपल्याकडचा अधिकार तिथनंच आलाय, तेव्हा कोणी पैसे भरायला सांगितले तर आधी वकील गाठा.

कोर्टात कधी जायचं हा सगळ्यात अवघड भाग आहे. साधी खुलाशाची नोटीस आली की लगेच हायकोर्टात गेलात तर बहुतेक परत पाठवतील, आणि कलम २१२ असं आहे की कार्यपद्धतीत काही अनियमित झालं एवढ्यावरनं कोर्ट सभागृहाच्या कामकाजात पडत नाही. पण अनियमित वेगळं आणि बेकायदा वेगळं. प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात २००५ मध्ये ११ खासदारांना काढलं, त्यावर राजाराम पाल यांच्या केसमध्ये जानेवारी २००७ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं काढण्याचा अधिकार मान्य केला आणि त्याच निकालात हेही ठरवलं की ढळढळीत बेकायदा किंवा घटनाविरोधी काही झालं तर कोर्ट तपासू शकतं. आपल्याच विधानसभेनं जुलै २०२१ मध्ये १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं होतं, ते सुप्रीम कोर्टानं २८ जानेवारी २०२२ ला रद्द केलं, चालू अधिवेशनाच्या पलीकडे असं निलंबन करताच येत नाही म्हणून. तेव्हा म्हणणं ऐकूनच घेतलं नाही, विषय सभागृहाच्या कक्षेबाहेरचा आहे, किंवा कैदेचा ठराव झाला, यातलं काही झालं तर त्याच दिवशी हायकोर्टाचं दार ठोठवा. २००३ मध्ये तामिळनाडू विधानसभेनं हिंदू वर्तमानपत्राच्या संपादकांसह काही पत्रकारांना १५ दिवसांची साधी कैद सुनावली तेव्हा सुप्रीम कोर्टाची स्थगिती अवघ्या तीन दिवसांत आली होती.

कोर्टात गेलो तर सभागृह आणखी चिडेल ही भीती खरी आहे, तिला इतिहास आहे. गोरखपूरच्या केशव सिंह नावाच्या माणसानं एका आमदाराविरुद्ध पत्रक काढलं म्हणून १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेनं त्याला बोलावून समज दिली. समज घेताना तो पाठ करून उभा राहिला आणि आधी एक उद्धट पत्रही पाठवलं होतं, म्हणून सात दिवसांची कैद. त्याच्या वकिलानं लखनौ खंडपीठाकडे अर्ज केला, दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला, तर विधानसभेनं त्या दोन न्यायमूर्तींनाच, वकिलासकट, अवमानाबद्दल पकडून आणायचा ठराव केला! अलाहाबाद हायकोर्टाचे २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी तो ठराव रोखला. शेवटी राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचं मत मागितलं. आपले सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्यासह सहा विरुद्ध एक अशा बहुमतानं उत्तर आलं की सभागृहानं कैदेत टाकलेल्या माणसाचा अर्ज हायकोर्ट ऐकू शकतं, अर्ज करणारा वकील आणि ऐकणारे न्यायमूर्ती अवमान करत नाहीत. मी हे मत जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा वाटतं की साध्या माणसासाठी एवढी मोठी भिंत दुसरी कोणी बांधली नसेल. केशव सिंहाचं काय झालं, तर पुढच्या वर्षी हायकोर्टानं त्याचा अर्ज फेटाळला आणि उरलेली शिक्षा त्याला भोगावी लागली. पण दार उघडं राहिलं ते त्याच्यामुळेच.

हे जुनं झालं म्हणाल तर २०२० मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या सचिवालयातनं अर्णब गोस्वामी यांना पत्र गेलं की सभागृहाची गोपनीय पत्रं तुम्ही सुप्रीम कोर्टात का लावली. सुप्रीम कोर्टानं ६ नोव्हेंबर २०२० ला उलट ते पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्यालाच अवमानाची नोटीस काढली, कारण कलम ३२ खाली कोर्टात जाणं हा स्वतःच मूलभूत हक्क आहे. त्या संपादकाची पत्रकारिता तुम्हाला आवडो न आवडो, ही ओळ तुमच्याही कामाची आहे.

एक गोष्ट वकिलाला आठवण करून द्या. होमी मिस्त्री हे ब्लिट्झचे पत्रकार, त्यांना १९५२ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेच्या हक्कभंग प्रकरणात मुंबईतनं उचलून लखनौला नेलं होतं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं नाही म्हणून सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. हा निकाल सगळे उत्साहानं दाखवतात. पण पाटण्याच्या सर्चलाइट वर्तमानपत्राच्या केसमध्ये कोर्टानंच नंतर म्हटलं की तो निकाल सरकारी बाजूनं दिलेल्या कबुलीवर उभा होता. त्यामुळे त्या एकट्यावर विसंबू नका, कलम २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, आणि राजाराम पाल यांचा निकाल जोडीला घ्या.

त्या सर्चलाइट केसमधला मूळ धडा विधिमंडळाचं वार्तांकन करणाऱ्यांसाठी आहे. कामकाजातनं काढून टाकलेलं भाषण छापलं होतं, संपादक भाषणस्वातंत्र्य घेऊन कोर्टात गेले आणि हरले. म्हणून अधिवेशन चालू असताना बातमी पाठवायच्या आधी एक फोन करा, तो शब्द वगळला तर नाही ना. बाकी सभागृहाच्या कामकाजाचं बहुतांशी खरं वृत्त, द्वेषबुद्धी न ठेवता छापलेलं, याला कोर्टातल्या केसपासनं कलम ३६१ क चं संरक्षण आहे, फक्त गुप्त बैठकीचं वृत्त सोडून. वाक्य सभागृहात बोललं गेलं की बाहेर पायऱ्यांवर हे नोंदवून ठेवा, कारण संरक्षण आतल्या वाक्याला आहे.

सरकारी अधिकाऱ्यांसाठी थोडक्यात. तुमचा खुलासा विभागामार्फत जातो पण नाव तुमचं असतं, त्यामुळे मसुदा दुसऱ्यानं केला तरी प्रत्येक आकडा स्वतः तपासून सही करा. सभागृहाला गेलेली माहिती चुकली असं लक्षात आलं तर कोणी सूचना द्यायच्या आत दुरुस्ती पाठवा. आमदारांचा फोन घेतला नाही, बैठकीला बोलावलं नाही अशा तक्रारी येतात तेव्हा फोनची नोंद, बैठकीच्या निमंत्रणाची पोच, एवढे दोन कागदसुद्धा पुरतात.

आणि प्रकरण थंड पडलं असं वाटलं तरी फाईल टाकू नका. अहवाल यायला कितीही महिने लागू शकतात, प्रकरण मुंबईच्या अधिवेशनात नाही निघालं तर नागपूरच्या अधिवेशनात पुन्हा निघतं, परिषद तर कधी विसर्जितच होत नाही. उत्तराची पोच, पाकीट, मूळ अंक किंवा पोस्टची प्रत, मुदतवाढीचा अर्ज, सगळं एका फोल्डरमध्ये तारखेनं लावून ठेवा. माझ्या मित्राच्या ऑफिसात ते फोल्डर अजून टेबलाच्या वरच्या कप्प्यात आहे.